शोपँचा 'मूळ' सूर कोणता? हस्तलिखितं आणि पहिल्या छापील आवृत्त्या सांगतात ती गोष्ट

ऑक्टोबर २०२४ मध्ये एका कागदाच्या तुकड्याची जगभर बातमी झाली. न्यूयॉर्कच्या 'मॉर्गन लायब्ररी अँड म्युझियम'च्या संग्रहात एक छोटंसं हस्तलिखित सापडलं. आकाराने साधारण इंडेक्स कार्डाएवढं. त्यावर 'ए मायनर'मधला एक वॉल्ट्झ लिहिलेला होता. वर 'शोपँ' असं नाव होतं, पण ते दुसऱ्याच कुणाच्या तरी अक्षरातलं. कागद, शाई आणि लिहिण्याची ढब तपासल्यावर तज्ज्ञांनी सांगितलं, की ही रचना फ्रेडरिक शोपँची असण्याची दाट शक्यता आहे. पियानोवादक लांग लांग यांनी ती वाजवली आणि सोशल मीडियावर तिचे व्हिडिओ फिरले.

हरवलेली रचना सापडली की बातमी होतेच. पण शोपँच्या बाबतीत खरं कोडं आहे ते सगळ्यांना माहीत असलेल्या, दीडशेहून अधिक वर्षं वाजवल्या जाणाऱ्या रचनांचं. त्याच्या अनेक रचना हस्तलिखितात एक, पॅरिसच्या छपाईत दुसरी आणि लाइपझिगच्या छपाईत तिसरीच दिसतात. दोन मोठे कलाकार एकच रचना वाजवतात आणि एका जागी वेगळा सूर लागतो. अशा वेळी चूक कोणाची? बहुतेकदा कोणाचीच नाही. दोघांसमोरची पुस्तकं वेगळी असतात.

एक रचना, तीन देश, तीन पुस्तकं

शोपँचा जन्म १८१० चा, पोलंडमधला. १८३१ मध्ये तो पॅरिसला आला आणि १८४९ मध्ये तिथेच वारला. या काळात त्याच्या बहुतेक रचना तीन देशांत जवळपास एकाच वेळी प्रसिद्ध होत होत्या. फ्रान्समध्ये मुख्यतः श्लेसिंजर, जर्मनीत ब्राइटकॉप्फ उंड हेर्टेल आणि इंग्लंडमध्ये वेसेल हे त्याचे प्रकाशक.

यामागे कारण होतं ते कायद्याचं. लेखक-कलाकारांचे हक्क अनेक देशांत एकाच वेळी जपणारा बर्न करार झाला १८८६ मध्ये. त्याआधी रचना एका देशात छापली, की दुसऱ्या देशातला कोणीही प्रकाशक ती फुकटात छापून विकू शकत असे. हे टाळायचं तर प्रत्येक देशातल्या एका प्रकाशकाला हक्क विकायचे आणि तिन्हीकडे साधारण एकाच सुमारास पुस्तक बाजारात आणायचं. शोपँने हाच मार्ग धरला.

पण तिघांना द्यायला हस्तलिखितं तीन हवीत. झेरॉक्स नव्हतं, फोटो काढायची सोय नव्हती. मग कधी शोपँ स्वतः पुन्हा लिहून काढायचा, कधी मित्र युलियन फोंताना नक्कल करून द्यायचा, तर कधी पॅरिसच्या छपाईची प्रूफंच दुसऱ्या देशात पाठवली जायची. १८४१ मध्ये फोंताना पॅरिस सोडून गेला. त्यानंतर शोपँला स्वतःच जास्त प्रती लिहाव्या लागल्या. त्याचा स्वभाव असा, की आपलीच रचना उतरवून काढतानाही त्याचा हात शांत बसत नसे. एका प्रतीत एखादा सूर बदलायचा, दुसरीत एखादी खूण वाढायची. तिन्ही प्रती त्याच्याच हातच्या, तरी एकसारख्या नाहीत.

प्रूफं कोण तपासायचं?

पॅरिसमध्ये राहत असल्यामुळे फ्रेंच आवृत्तीची प्रूफं शोपँ बऱ्याचदा स्वतः पाहायचा. तपासता तपासता तो नवे बदलही करायचा. हे बदल जर्मनीत गेलेल्या हस्तलिखितात नसत, कारण ते आधीच रवाना झालेलं असे. लाइपझिगमधल्या छपाईवर त्याचं फारसं लक्ष नव्हतं. तिथले तपासनीस आपल्या समजुतीप्रमाणे 'चुका' दुरुस्त करत, आणि शोपँने मुद्दाम लिहिलेली एखादी विचित्र गोष्टही त्यात सरळ होऊन जाई.

लंडनच्या वेसेलची वेगळीच कथा. विक्री वाढावी म्हणून त्याने रचनांना भडक नावं दिली. ओपस ९ च्या नॉक्टर्न्सना 'सीन नदीची कुजबुज', तर ओपस २० च्या स्केर्झोला 'नरकातली मेजवानी' अशा अर्थाची फ्रेंच नावं चिकटली. शोपँला ती अजिबात आवडत नसत. फोंतानाला लिहिलेल्या पत्रात त्याने वेसेलवर भरपूर राग काढला आहे.

छापखान्यात काय व्हायचं?

त्या काळी पियानोचं नोटेशन बहुधा धातूच्या मऊ पत्र्यावर कोरलं जाई. कारागीर पत्र्यावर पाच रेघा ओढायचा आणि सुरांची चिन्हं ठशांनी ठोकून बसवायचा. हे सगळं आरशातल्यासारखं उलटं. छापल्यावर ते सुलट दिसे.

या पद्धतीमुळे दोन गोष्टी झाल्या.

पहिली म्हणजे मांडणी बदलली. शोपँच्या हस्तलिखितात कोणता सूर कोणाच्या बरोबर खाली लिहिला आहे यालाही अर्थ असतो. ओपस २८ मधल्या नवव्या प्रील्यूडमध्ये एका हाताला तीन-तीन सुरांचे गट आहेत आणि दुसऱ्या ओळीत लांब-आखूड अशी जोडी. हस्तलिखितात यातला आखूड सूर तिसऱ्या सुराच्या थेट खाली येतो, म्हणजे दोन्ही एकत्र वाजवायचे. गणिताने हिशेब केला तर तो किंचित उशिरा यायला हवा, आणि पुढच्या अनेक छापील आवृत्त्यांनी तो तसा सरकवला. ऐकताना हा फरक स्पष्ट कळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे 'पहिली आवृत्ती' हीसुद्धा एकच राहिली नाही. पत्रे जपून ठेवले जायचे आणि मागणी आली की त्यांवरून पुन्हा छपाई व्हायची. मधल्या काळात चूक लक्षात आली, तर पत्र्याचा तेवढाच भाग ठोकून सपाट करून त्यावर नवीन चिन्ह बसवायचं. मुखपृष्ठ तेच, पत्र्याचा क्रमांक तोच, पण आतला एखादा सूर बदललेला. म्हणून अभ्यासक एकाच आवृत्तीच्या निरनिराळ्या ग्रंथालयांतल्या प्रती शेजारी ठेवून पाहतात.

एका छोट्या चिन्हाचा मोठा वाद

ओपस २८ म्हणजे २४ प्रील्यूड्सचा संच. पियानो बनवणारे कामिल प्लेयेल यांनी तो २,००० फ्रँकला घेतला होता. शोपँने तो मायोर्का बेटावर पूर्ण केला आणि जानेवारी १८३९ मध्ये हस्तलिखित पॅरिसला फोंतानाकडे पाठवलं. ते हस्तलिखित आज वॉर्सातल्या पोलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. फ्रेंच आवृत्ती त्यावरून छापली गेली आणि जर्मन आवृत्ती फोंतानाने केलेल्या नकलेवरून. अर्पणपत्रिकासुद्धा वेगळ्या आहेत. फ्रेंच पुस्तक प्लेयेलला अर्पण केलं आहे, जर्मन पुस्तक संगीतकार केसलरला.

यातलं विसावं प्रील्यूड 'सी मायनर'मधलं. जेमतेम १३ बारचं, म्हणजे मात्रांच्या १३ छोट्या खंडांचं. संथ आणि गंभीर, अंत्ययात्रेच्या चालीसारखं. पियानो शिकणारी मुलंही ते वाजवतात. रशियन संगीतकार राखमानिनोव्ह यांनी त्यावर मोठी रचना बांधली.

वाद आहे तो तिसऱ्या बारच्या शेवटच्या सुरावलीत. तिथला सूर 'ई नॅचरल' आहे की 'ई फ्लॅट'? आपल्या भाषेत सांगायचं तर 'सी' हा षड्ज धरल्यास ई नॅचरल म्हणजे शुद्ध गंधार आणि ई फ्लॅट म्हणजे कोमल गंधार. शुद्ध गंधार लागला तर त्या काळोखात क्षणभर उजेड येतो. कोमल लागला तर काळोख तसाच राहतो.

हस्तलिखितात तिथे फ्लॅटची खूण नाही. त्याच बारमध्ये आधी शुद्ध गंधार येऊन गेलेला आहे आणि नोटेशनचा नियम सांगतो, की बार संपेपर्यंत ती खूण लागू राहते. म्हणजे लिहिलंय तसं वाचलं तर शुद्ध गंधार. पण शोपँ अशा खुणा लिहायला अनेकदा विसरायचा, हे त्याच्या इतर हस्तलिखितांवरून माहीत आहे. आणि इथेच पुरावा उलटा फिरतो. त्याच्या एका शिष्येच्या छापील प्रतीत याच जागी पेन्सिलीने फ्लॅटची खूण घातलेली आहे.

मग ही खूण राहून गेलेल्या चुकीची दुरुस्ती आहे, की शोपँचा नंतर बदललेला विचार? हस्तलिखिताची बाजू घेणारे एक सूर वाजवतात, पेन्सिलीची बाजू घेणारे दुसरा. दोन्ही पद्धतींची उत्तम ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत.

याच प्रील्यूडच्या हस्तलिखितात आणखी एक मजेशीर नोंद आहे. रचनेचा शेवटचा भाग आधी एकदाच वाजायचा होता. शोपँने तो पुन्हा वाजवायची सूचना नंतर घातली आणि बाजूला लिहून ठेवलं, की बरेचदा ज्यांचं बरोबर असतं अशा एका गृहस्थांसाठी ही छोटी सवलत दिली आहे. त्या गृहस्थांचं नाव मात्र त्याने लिहिलं नाही. म्हणजे आज जगभर वाजतो तो आकार अखेरच्या क्षणी कुणाच्या तरी सांगण्यावरून ठरला. हस्तलिखित नसतं तर हे कधी कळलंच नसतं.

सोनाटा नक्की कुठून पुन्हा सुरू होतो?

सूरच काय, रचनेची सगळी बांधणी एका खुणेवर अवलंबून असू शकते. याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १८४० मध्ये प्रसिद्ध झालेला ओपस ३५ हा सोनाटा, ज्यातला शोकसंचलनाचा भाग जगभर ओळखीचा आहे.

त्याचा पहिला भाग चार संथ बारने सुरू होतो आणि मग एकदम वेग पकडतो. पुढे काही वेळाने 'पुन्हा वाजवा' अशी खूण येते. पण कुठून पुन्हा? जर्मन पहिल्या आवृत्तीत पाचव्या बारजवळ तशी खूण आहे, म्हणजे वेगवान भागापासून. फ्रेंच आणि इंग्रज आवृत्त्यांत ती खूण नाही, म्हणजे अगदी पहिल्या संथ बारपासून.

जर्मन आवृत्तीप्रमाणे ते चार बार ही एकदाच येणारी प्रस्तावना ठरते. फ्रेंच आवृत्तीप्रमाणे ते गोष्टीचाच भाग होऊन दुसऱ्यांदा येतात. पियानोवादक आणि अभ्यासक चार्ल्स रोझेन यांनी दुसऱ्या वाचनाची जोरदार बाजू घेतली. अनेक वादक आजही पहिलं वाचन पसंत करतात.

शिष्यांच्या वह्यांमधली पेन्सिल

शोपँचं पोट भरत होतं ते मुख्यतः शिकवण्यावर. शिष्य छापील पुस्तक घेऊन यायचे आणि तो त्यावर पेन्सिलीने लिहायचा. जेन स्टर्लिंग, कामिय द्युब्वा अशा शिष्यांच्या आणि त्याची बहीण लुद्विका हिच्या प्रती जपल्या गेल्या आहेत. त्यांत बोटं कोणती वापरायची हे आहे, छपाईच्या चुका सुधारलेल्या आहेत आणि काही ठिकाणी चक्क नवे सूर आहेत.

ओपस ९ मधलं दुसरं नॉक्टर्न हे त्याचं सर्वांत लोकप्रिय सुरावटींपैकी एक. त्यासाठी त्याने वेगवेगळ्या शिष्यांना वेगवेगळ्या हरकती, अलंकार लिहून दिले. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. गुरू एकच बंदिश दोन शिष्यांना थोड्या वेगळ्या अंगाने देतो, तसंच हे. फरक एवढाच, की युरोपात छापील पानालाच अंतिम मानायची सवय लागत होती, आणि ज्याच्या नावाने ते पान छापलं होतं तो माणूस स्वतः ते अंतिम मानत नव्हता.

'जाळून टाका' असं सांगितलेली रचना

मृत्यूपूर्वी शोपँने सांगितलं होतं, की अप्रकाशित हस्तलिखितं नष्ट करावीत. कुटुंबाने तसं केलं नाही. फोंतानाने निवडक रचना संपादित करून १८५५ मध्ये ओपस ६६ ते ७३ या क्रमांकांनी प्रसिद्ध केल्या. यांतली पहिलीच म्हणजे आज कमालीची लोकप्रिय असलेली 'फँटेसी-इम्प्रॉम्प्टू'. नावातला 'फँटेसी' हा शब्द फोंतानाने जोडलेला.

शंभरहून अधिक वर्षं लोक तीच आवृत्ती वाजवत होते. १९६० मध्ये पियानोवादक आर्थर रुबिनस्टाईन यांना पॅरिसमध्ये बॅरोनेस देस्त यांच्या जुन्या अल्बममध्ये याच रचनेचं शोपँच्या हातचं हस्तलिखित मिळालं. त्यावर १८३५ हे साल होतं. त्यातले अनेक तपशील फोंतानाच्या छपाईपेक्षा वेगळे निघाले. पुढे ही आवृत्तीही छापली गेली. आज दोन्ही वाजवल्या जातात. पण सवयीचा जोर मोठा असतो. बहुतेकांच्या कानात बसली आहे ती फोंतानाचीच.

सगळी हस्तलिखितं मात्र इतकी नशीबवान नव्हती. १८६३ मध्ये पोलंडमधल्या उठावाच्या काळात रशियन सैनिकांनी वॉर्सातला झामोयस्की वाडा उद्ध्वस्त केला. तिथे शोपँची बहीण इझाबेला राहत होती. शोपँचा जुना पियानो खिडकीतून खाली फेकला गेला आणि घरच्यांनी जपलेली त्याची पत्रंही नष्ट झाली. जे उरलं त्याचं मोल म्हणूनच जास्त. वॉर्सातल्या हस्तलिखितांचा समावेश १९९९ मध्ये युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत झाला.

मग 'मूळ' कोणतं?

जुन्या ग्रंथांच्या बाबतीत हा प्रश्न मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने देशभरातल्या पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. पोथ्यांमधले पाठभेद नोंदवायचे, कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हे शोधायचं आणि सर्वांत जुन्या पाठाच्या जवळ जायचं, अशी ती पद्धत.

शोपँचे संपादकही पाठभेदच नोंदवतात. पण त्यांची अडचण वेगळी आहे. पोथ्यांत बरेच पाठभेद नकलाकारांमुळे आलेले असतात. इथे अनेक पाठभेद खुद्द रचनाकाराने केलेले आहेत. त्यामुळे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. हा फरक नकलाकाराचा किंवा छापखान्याचा आहे का? असेल तर तो चूक म्हणून बाजूला काढता येतो. की हा फरक शोपँचाच आहे? तसा असेल, तर दोन्ही पाठ खरे, फक्त वेगवेगळ्या वेळचे.

एकोणिसाव्या शतकातल्या अनेक संपादकांनी हा भेद केला नाही. कार्ल क्लिंडवर्थसारख्या संपादकांनी आपापल्या खुणा, आपापली बोटं घातली आणि मूळ कोणतं, भर कोणती हे वाचणाऱ्याला कळेनासं झालं. विसाव्या शतकात याला उत्तर म्हणून 'ऊरटेक्स्ट', म्हणजे मूळपाठ, असं लिहिलेल्या आवृत्त्या आल्या. यांतलं सर्वांत मोठं काम पोलिश पियानोवादक यान एकियर यांचं. १९५९ मध्ये त्यांनी शोपँच्या राष्ट्रीय आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि ते पूर्ण झालं २०१० मध्ये, शोपँच्या जन्माच्या द्विशताब्दी वर्षात. त्यांनी दोन मालिका केल्या. एकीत शोपँने स्वतः प्रसिद्ध केलेल्या रचना, दुसरीत त्याच्या मृत्यूनंतर आलेल्या. शोपँने जगासमोर ठेवलेलं आणि मागे ठेवलेलं यांत सरमिसळ होऊ नये, हा त्यामागचा विचार.

घरबसल्या तुलना करता येते का?

येते, आणि फुकट. केंब्रिजचे प्राध्यापक जॉन रिंक यांच्या नेतृत्वाखाली दोन संकेतस्थळं उभी राहिली. 'शोपँज फर्स्ट एडिशन्स ऑनलाइन'वर पहिल्या छापील आवृत्त्यांची पानं पाहता येतात. 'ऑनलाइन शोपँ व्हेरिओरम एडिशन'वर अनेक रचनांचा एकच बार हस्तलिखितात आणि निरनिराळ्या छपाईंत शेजारी शेजारी ठेवता येतो.

पियानो शिकणाऱ्यांनी पुस्तक निवडताना किंवा इंटरनेटवरून जुनं पान उतरवून घेताना एवढं तरी पाहावं:

- संपादकाचं नाव आणि साल दिलं आहे का?
- पाठभेदांच्या टिपा आहेत का? त्या नसतील, तर 'ऊरटेक्स्ट' या शब्दाला फार अर्थ उरत नाही.
- संपादकाने घातलेल्या खुणा कंसात किंवा बारीक टायपात वेगळ्या दाखवल्या आहेत का?
- एखादा सूर खटकला, तर तो बदलण्याआधी दुसऱ्या आवृत्तीत पाहिला का?

शेवटचा मुद्दा श्रोत्यांनाही लागू आहे. एखाद्या व्हिडिओखाली 'तिसऱ्या बारमध्ये चुकीचा सूर लागला' अशी कमेंट दिसली, तर लगेच लाइक करायची घाई नको. कदाचित वाजवणाऱ्याच्या समोर १८३९ चं हस्तलिखित असेल आणि कमेंट करणाऱ्याच्या समोर पेन्सिलीची खूण.